पोकळ नळीची चुरगळण आणि ऊर्जाशोषणाचा इतिहास : कराड परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

सारांश

पातळ पत्र्याची पोकळ नळी दोन्ही टोकांकडून दाबली असता ती घड्या घालत चुरगळते आणि तसे करताना धडकेची ऊर्जा गिळून टाकते. या साध्या घटनेचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकात कसा विकसित झाला, नळीत फोम भरण्याच्या कल्पनेने त्यात कोणती भर घातली आणि महामार्गावर वसलेल्या कराडसारख्या गावाच्या दृष्टीने या ज्ञानाचे मोल काय, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. यंत्रशास्त्रातील या विषयाचा इतिहास हा अखेर माणसाचा जीव वाचविण्याच्या विचाराचा इतिहास आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ऊर्जाशोषण, पोकळ नळी, फोम, चुरगळण, रस्ता सुरक्षा, कराड.

१. प्रस्तावना

कृष्णा आणि कोयना या दोन नद्या कराड येथे समोरासमोर येऊन मिळतात. या प्रीतिसंगमामुळे आणि यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीमुळे कराड महाराष्ट्राला परिचित आहे. त्याचबरोबर पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्गावरील एक महत्त्वाचे ठाणे म्हणूनही या गावाची ओळख आहे. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता २०१० च्या फेररचनेनंतर क्रमांक ४८ म्हणून ओळखला जातो. सुवर्ण चतुष्कोन योजनेत तो चौपदरी झाला, वाहनांचा वेग वाढला आणि वेगाबरोबर धडकेचे परिणामही वाढले.

१९६० हे वर्ष प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. त्या वर्षी १ मे रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी कराड येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. योगायोग असा, की धातूची नळी कशी चुरगळते याचे गणित मांडणारे दोन मूलभूत शोधनिबंधही इंग्लंडमध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. या घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि, सातारा-सांगलीच्या भूमीत अभियांत्रिकी शिक्षण विस्तारत होते त्याच काळात या शास्त्राचीही पायाभरणी होत होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

भारतातील रस्ते अपघातांत २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे. या आकड्याकडे पाहिले म्हणजे नळीच्या चुरगळण्याचा अभ्यास हा केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा विषय राहत नाही.

२. पूर्वपीठिका : मजबुतीकडून मऊपणाकडे

जे न मोडणारे ते सुरक्षित, अशी सर्वसामान्य समजूत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाहने बांधणाऱ्यांचीही धारणा याहून फारशी वेगळी नव्हती. धडक बसल्यावर गाडीचा सांगाडा जितका अभंग राहील तितकी ती चांगली, असे मानले जाई. या समजुतीत एक मूलभूत उणीव होती. गाडी मोडली नाही तरी ती थांबतेच, आणि ती जितक्या कमी अंतरात थांबते तितका मोठा आघात आत बसलेल्या माणसाच्या देहाला सोसावा लागतो.

हे सोप्या हिशेबाने स्पष्ट होते. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ५६ किलोमीटर वेगाने जात असेल तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १२१ किलोजूल भरते. गाडीचा पुढील भाग ६० सेंटिमीटर चेपला जाऊन ती थांबली, तर तिचे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या सुमारे वीसपट येते. तीच गाडी न चेपता १० सेंटिमीटरमध्ये थांबली तर हे मंदन सहापट होईल. पट्टा बांधलेल्या निरोगी माणसाला पहिला आघात क्षणभर सोसता येतो. दुसरा सोसणे जवळजवळ अशक्य आहे.

माणसाची सहनशक्ती किती, या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांत ह्यू डी हेवन यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९१७ मध्ये वैमानिकाचे प्रशिक्षण घेत असताना ते हवेतील टकरीतून बचावले होते. आपण का वाचलो, या प्रश्नाने त्यांना आयुष्यभर कामाला लावले. उंचावरून पडूनही जिवंत राहिलेल्या व्यक्तींचा त्यांनी अभ्यास केला आणि १९४२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पडणाऱ्या माणसाखालची वस्तू किंवा जमीन काही प्रमाणात दबली, तर तो वाचू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९५४ मध्ये अमेरिकी वायुसेनेतील डॉक्टर जॉन स्टॅप यांनी अग्निबाणावर चालणाऱ्या घसरगाडीत स्वतः बसून गुरुत्वत्वरणाच्या ४६ पटींहून अधिक मंदन क्षणमात्र सोसले.

वाहनाच्या रचनेत हा विचार उतरविण्याचे श्रेय बेला बारेन्यी या अभियंत्याकडे जाते. प्रवासी बसतात तो भाग कणखर ठेवावा आणि त्याच्या पुढचे व मागचे भाग मुद्दाम चेपले जातील असे बांधावेत, या कल्पनेचे जर्मन एकस्व त्यांना १९५२ मध्ये मिळाले. १९५९ मध्ये आलेल्या मर्सिडीझ-बेंझच्या डब्ल्यू १११ या मोटारीत ती कल्पना प्रत्यक्षात आली. न मोडण्याऐवजी योग्य जागी योग्य प्रकारे मोडणे हे आता अभियंत्याचे उद्दिष्ट ठरले. मात्र किती मोडावे आणि किती बळाने मोडावे, याचे गणित अजून हाती आलेले नव्हते.

३. १९६० : घडीचे गणित

नळीला टोकाकडून दाबले असता तिच्यावर घड्या पडतात, हे निरीक्षण जुने आहे. ए. मॅलॉक यांनी १९०८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याविषयी टिपण मांडले होते. १९२७ मध्ये एल. जी. ब्रेझियर यांनी नळी वाकविताना तिचा गोल छेद चपटा होत जातो आणि अखेर ती कशी खचते, हे सिद्ध केले. परंतु नळी खचल्यानंतर पुढे काय होते, याकडे फारसे कोणी पाहिले नव्हते. स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने खचलेला खांब म्हणजे संपलेला विषय होता.

१९६० मध्ये जे. एम. अलेक्झांडर यांनी नेमका हा 'संपलेला' भाग अभ्यासासाठी घेतला. गोल नळी कंदिलाच्या कागदी आवरणाप्रमाणे एकाखाली एक वर्तुळाकार घड्या घालत बसते, असे त्यांनी गृहीत धरले. प्रत्येक घडीत धातू तीन रेषांवर बिजागरीप्रमाणे वळतो आणि त्या रेषांमधील पत्रा ताणला जातो. वळण्यास व ताणण्यास लागणारी ऊर्जा मोजून त्यांनी सरासरी चुरगळभाराचे सूत्र मांडले. हा भार धातूच्या नमनबिंदूच्या ताणाशी, पत्र्याच्या जाडीच्या दीड घाताशी आणि व्यासाच्या वर्गमुळाशी समप्रमाणात असतो. गुणक सुमारे सहा येतो.

त्याच वर्षी सर आल्फ्रेड पग्स्ले आणि एम. मॅकॉले यांनी अधिक पातळ नळ्यांचा विचार केला. अशा नळ्या वर्तुळाकार घड्यांऐवजी हिऱ्याच्या पैलूंसारख्या आकारात दुमडतात. रेल्वेचे डबे एकमेकांवर आदळल्यास काय होते, ही चिंता पग्स्ले यांच्या या काळातील लेखनामागे होती.

अलेक्झांडर यांच्या सूत्राची उपयुक्तता एका उदाहरणाने पाहता येईल. ५० मिलिमीटर व्यासाची, दीड मिलिमीटर जाडीची साध्या पोलादाची नळी घेतली आणि नमनबिंदूचा ताण २५० मेगापास्कल धरला, तर सरासरी चुरगळभार सुमारे १९.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दोन टनांच्या वजनाइतका येतो. ही नळी १० सेंटिमीटर चुरगळली तर सुमारे दोन किलोजूल ऊर्जा शोषली जाते. आता पत्र्याची जाडी दुप्पट केली, तर वजन जवळपास दुप्पट होते, पण भार मात्र सुमारे २.८ पट होतो. उलट व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होऊनही भार केवळ १.४ पट वाढतो. पुढे फोम भरण्याच्या प्रश्नावर जो वाद झाला, त्याचे मूळ या साध्या गणितात आहे.

ऊर्जाशोषक नळीकडून अपेक्षित असलेले गुणही याच काळात स्पष्ट होत गेले. तिने स्प्रिंगसारखी ऊर्जा परत देऊ नये, कारण परत आलेली ऊर्जा प्रवाशाला मागे फेकते. चुरगळताना तिचा भार शक्यतो स्थिर असावा. पहिली घडी पडण्यापूर्वी जो कमाल भार येतो तो सरासरीच्या फार वर नसावा. त्यासाठी नळीच्या टोकाशी मुद्दाम खाच ठेवण्याची किंवा कड तिरपी घेण्याची युक्ती योजली जाते. शिवाय ती एकसंध खांबासारखी मधोमध वाकू नये. नळी वाकली की घड्यांची मालिका थांबते आणि ऊर्जाशोषण एकदम घटते.

चौकोनी नळ्यांचा प्रश्न अधिक बिकट होता. मोटारींच्या सांगाड्यात मात्र त्याच अधिक असतात. टोमाश विएर्झबित्स्की आणि व्होदझिमिएश आब्रामोविच यांनी १९८३ मध्ये चौकोनी नळीच्या कोपऱ्याचा एक मूलभूत घडी-घटक कल्पून त्याचे गणित सोडविले. यानंतर वाहनाच्या पुढील भागातील दांड्यांची धडक-क्षमता कागदावर अजमावणे शक्य झाले.

४. फोम भरलेली नळी

पोकळ नळीत हलका, सच्छिद्र पदार्थ भरावा, ही कल्पना निसर्गाला नवी नाही. कराड-सांगली भागातील शेतकऱ्याला तिचे उदाहरण बांधावरच सापडते. ज्वारीचे धाट म्हणजे बाहेरून कठीण, पातळ साल आणि आतून हलके भेंड. ज्या भेंडापासून खेड्यातील मुले बैलगाड्या करून खेळत आली, ते भेंड सालीला आतून आधार देते आणि धाट वाकताना त्याचा छेद चपटा होऊ देत नाही. ब्रेझियर यांनी वर्णन केलेले खचणे त्यामुळे लांबते. १९९५ मध्ये जी. एन. करम आणि लॉर्ना गिब्सन यांनी वनस्पतींची खोडे व प्राण्यांची काटेरी पिसे डोळ्यांपुढे ठेवून अशा भरीव गाभ्याच्या नळ्यांचा सैद्धांतिक अभ्यास केला. त्याआधी १९८८ मध्ये गिब्सन आणि मायकेल अ‍ॅश्बी यांनी सच्छिद्र घन पदार्थांवर ग्रंथ लिहून फोमच्या वर्तनाला शास्त्रीय भाषा दिली होती.

फोम दाबला असता त्याच्या वर्तनाच्या तीन अवस्था दिसतात. प्रथम तो थोडा लवचिकपणे दबतो. नंतर त्याच्या सूक्ष्म पोकळ्या एकामागून एक कोसळत जातात आणि या दीर्घ अवस्थेत भार जवळजवळ स्थिर राहतो. शेवटी पोकळ्या संपतात, भिंतीला भिंत टेकते आणि भार झपाट्याने चढतो. मधली अवस्था हेच ऊर्जाशोषणाचे क्षेत्र होय.

१९८० च्या सुमारास पॉलियुरेथेन फोम भरलेल्या नळ्यांवर पद्धतशीर प्रयोग सुरू झाले. पी. एच. थॉर्नटन यांनी १९८० मध्ये काढलेला निष्कर्ष काहीसा निराशाजनक होता. फोम भरल्याने ऊर्जाशोषण वाढते हे खरे. परंतु तेवढेच वजन पत्रा जाड करण्यात घातले, तर बहुधा अधिक लाभ होतो. जाडीच्या दीड घाताचे वर दिलेले गणित पाहिल्यास या निष्कर्षात नवल वाटत नाही.

तरीही विषय येथे संपला नाही. एस. आर. रीड, टी. वाय. रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये फोम भरलेल्या नळ्यांवर संथ आणि वेगवान अशा दोन्ही प्रकारचे प्रयोग प्रसिद्ध केले. फोम भरलेल्या नळीचा भार हा रिकामी नळी आणि सुटा फोम यांच्या भारांच्या नुसत्या बेरजेहून अधिक असतो, ही बाब या आणि नंतरच्या संशोधनातून ठळक झाली. फोममुळे पत्र्याला आत वळण्यास अडथळा होतो. त्यामुळे घड्या आखूड होतात आणि त्यांची संख्या वाढते. पत्र्यामुळे फोमला बाजूस पसरता येत नाही. दोघे परस्परांना आधार देतात आणि या परस्परक्रियेतून ऊर्जाशोषणाची जादा क्षमता निर्माण होते.

१९९० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमचा फोम उपलब्ध झाला आणि या संशोधनाला नवी चालना मिळाली. नॉर्वेतील ट्रोंडहाइम येथे ए. जी. हान्सेन, एम. लांगसेथ आणि ओ. एस. हॉपरस्टाड यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांत अ‍ॅल्युमिनियमचाच फोम भरून विस्तृत प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २००० आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी मांडलेल्या सूत्रात एकूण भाराचे तीन भाग आहेत : रिकाम्या नळीचा, फोमचा आणि दोहोंच्या परस्परक्रियेचा.

या संशोधनाने फोमच्या मर्यादाही दाखवून दिल्या. फोम आतील जागा व्यापतो, त्यामुळे नळीची चुरगळण्याजोगी लांबी कमी होते. फोम फार घन असेल तर पत्रा दुमडण्याऐवजी फाटतो किंवा संपूर्ण नळी मधोमध वाकते. म्हणजेच फोम जास्त असणे हितकारक नसून त्याची घनता नळीच्या जाडीशी जुळणे आवश्यक आहे. मात्र जेथे नळीला वाकण्याचा भार सोसावयाचा असतो, तेथे फोमचा लाभ निर्विवाद ठरतो. नळी ज्या ठिकाणी चपटी होऊन खचते, तेवढ्याच भागात भरलेला फोमही पुरेसा पडतो. ज्वारीच्या धाटाने सांगितलेली गोष्ट हीच आहे.

५. भारत आणि महाराष्ट्र

भारतात या विषयाची परंपरा प्रामुख्याने दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत रुजली. तेथे एन. के. गुप्ता आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अनेक दशके नळ्या, शंकू व घुमटाकार कवचे यांच्या चुरगळण्यावर प्रायोगिक आणि सैद्धांतिक काम केले.

महाराष्ट्रात १९६६ मध्ये पुणे येथे 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. वाहनांची तपासणी व मानके यांबाबत तिचे स्थान देशात अग्रगण्य आहे. तरीही प्रवासी मोटारीला समोरील धडकेची चाचणी सक्तीची होण्यास दीर्घ काळ लागला. एआयएस-०९८ या मानकानुसार ताशी ५६ किलोमीटर वेगाची ही चाचणी नव्या नमुन्यांना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व मोटारींना १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. बारेन्यी यांच्या एकस्वानंतर पासष्ट वर्षांनी हे घडले.

या बदलामागे एका चाचणीचा वाटा मोठा आहे. जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान मोटारींच्या ताशी ६४ किलोमीटर वेगाच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेबाबत एकाही मोटारीला एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर पाच वर्षांच्या आत, डिसेंबर २०१८ मध्ये, पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉन या मोटारीने त्याच चाचणीत पाच तारे मिळविले. भारतीय बनावटीच्या मोटारीला मिळालेला हा पहिला पंचतारांकित दर्जा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये 'भारत एनकॅप' योजना जाहीर झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अंमलात आली.

५६ आणि ६४ या आकड्यांतील फरक किरकोळ वाटतो. परंतु ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुसऱ्या चाचणीत सुमारे तीस टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. ताशी १०० किलोमीटर वेगाला तर ही ऊर्जा ५६ च्या तुलनेत तिपटीहून अधिक होते. महामार्गावरील वेग आणि चाचणीतील वेग यांमधील ही दरी वाहनचालकाने सदैव लक्षात ठेवावयास हवी.

सातारा-सांगली परिसरात १९४७ मध्ये सुरू झालेले सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० चे कराडचे शासकीय महाविद्यालय आणि १९८३ चे साखराळे येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट यांनी तंत्रशिक्षणाचे जाळे विणले. प्रस्तुत विषय अशा महाविद्यालयांना विशेष अनुकूल आहे. पूर्ण मोटारीची धडक-चाचणी अतिशय खर्चिक असते. याउलट नळीचा तुकडा, थोडा फोम आणि सामग्रीच्या प्रयोगशाळेतील सार्वत्रिक चाचणी यंत्र एवढ्यावर अलेक्झांडर यांच्या सूत्राची पडताळणी करता येते. अर्थात हा दाब संथ असतो. जलद आघातात साधे पोलाद अधिक कणखर वागते. १९५७ मध्ये कूपर आणि सायमंड्स यांनी दिलेल्या संबंधानुसार अतिवेगाच्या विरूपणात त्याचा नमनताण दुपटीपर्यंतही जाऊ शकतो. म्हणून संथ प्रयोगातील आकडा धडकेला जसाच्या तसा लावता येत नाही.

६. कराडच्या रस्त्यावरून

नळीच्या शास्त्राची एक मूलभूत अट आहे : भार तिच्या अक्षावर यावा. मोटारीच्या पुढील भागातील दोन दांडे समोरची वस्तू त्यांच्या उंचीला भेटेल, असे धरून बांधलेले असतात. ही अट मोडली, तर उत्तमातील उत्तम ऊर्जाशोषकही निरुपयोगी ठरतो.

गळीत हंगामात या भागातील रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या रात्रंदिवस धावत असतात. ट्रॉलीच्या मागील फळीबाहेर उसाच्या मोळ्या डोकावत असतील आणि अंधारात मागून येणारी मोटार तिच्यावर आदळली, तर मोळ्यांचा मारा दांड्यांवर न होता थेट पुढच्या काचेवर होतो. मोटारीचे नाक ट्रॉलीखाली शिरते, दांडे न चुरगळताच राहतात आणि सारी ऊर्जा प्रवाशांच्या कक्षावर येते. मालमोटारीखाली लहान वाहन शिरू नये म्हणून तिच्या मागे संरक्षक आडदांडा असावा, यासाठी आयएस १४८१२ हे भारतीय मानक आहे. आडदांड्याचे काम हेच, की समोरच्या मोटारीच्या नळ्यांना आपले काम करण्याची संधी द्यावी. ट्रॉलीमागे लावलेली परावर्तक पट्टी त्याहूनही स्वस्त आहे, कारण तिच्यामुळे धडकच टळते.

दुचाकीस्वाराला तर चुरगळणारा भाग मुळीच लाभत नाही. २०२२ मधील मृतांपैकी सुमारे ४४ टक्के व्यक्ती दुचाकीवरील होत्या. त्यांच्यासाठी फोम भरलेल्या कवचाचे एकमेव रूप म्हणजे हेल्मेट. बाहेरचे कठीण कवच आघात पसरविते आणि आतील थर्माकोलसारखा थर दबून ऊर्जा शोषतो. अमेरिकेत हर्मन रॉथ आणि चार्ल्स लोम्बार्ड यांना अशा हेल्मेटचे एकस्व १९५३ मध्ये मिळाले. नळीप्रमाणेच हा थरही एकदाच कामी येतो. एकदा दबलेला फोम पूर्ववत होत नाही; म्हणून अपघातात आदळलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे लागते.

७. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, सुरक्षिततेची कल्पना अभंगतेकडून नियंत्रित मोडण्याकडे वळली, हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा होय. दुसरी, १९६० मधील गणिताने या कल्पनेला मोजमाप दिले आणि पुढील संशोधन त्याच पायावर उभे राहिले. तिसरी, फोम हा सर्व प्रश्नांवरील उपाय नाही. सरळ दाबात जाड पत्रा त्याला मागे टाकू शकतो. वाकण्याच्या भारात मात्र तो आपली किंमत वसूल करून देतो. चौथी, ज्ञान उपलब्ध असणे आणि ते सामान्य माणसापर्यंत पोहोचणे यांत भारतात अर्धशतकाहून अधिक अंतर पडले.

हे अंतर आणखी कमी करण्याची जबाबदारी केवळ कारखानदारांवर किंवा शासनावर नाही. कराडसारख्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना आपल्या परिसरातील प्रश्नांवर, उदाहरणार्थ उसाच्या ट्रॉलीला लावता येईल अशा स्वस्त, दुरुस्त करण्याजोग्या, चुरगळणाऱ्या आडदांड्यावर, संशोधन करता येईल. असा आडदांडा गावातील वेल्डिंगच्या दुकानात बनविता आला पाहिजे आणि मोडल्यावर तेथेच बदलता आला पाहिजे. चुरगळलेली नळी भंगारात जाते. तिने वाचविलेला माणूस घरी परततो. या शास्त्राचे यश याच कसोटीवर मोजावे लागेल.